सरळ पातें कीं वांकडें?

वस्तुसंग्रहालयांतील शस्त्रांच्या दालनांत शिरल्यावर पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम वेधून घेतें तें मुठीवरील सोन्याचें नक्षीकाम, म्यानावरील मखमल आणि हें शस्त्र कोणत्या राजाचें हें सांगणारी चिठ्ठी. पात्याच्या आकाराकडे नजर जाते ती सर्वांत शेवटीं. वास्तविक ज्याच्या कमरेला तें शस्त्र लटकत होतें, त्याच्या लेखीं नक्षी आणि मखमल ही केवळ शोभा होती; जीव राहणें किंवा जाणें हें पात्यावर अवलंबून होतें. एक पातें काठीसारखें सरळ, दुसरें द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखें वांकलेलें, तिसरें मध्यें रुंद आणि टोंकाशीं एकदम निमुळतें. हे भेद कारागिराच्या लहरीनें पडलेले नाहींत. प्रत्येक आकारामागें एक निवड आहे, आणि त्या निवडीबद्दल निरनिराळ्या राष्ट्रांतील लढवय्यांनीं दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे.

वादाचें मूळ मात्र अगदीं साधें आहे. पात्याला दोन कामें करावीं लागतात: कापणें आणि भोसकणें. भोसकावयाचें तर टोंक हाताच्या रेषेंत हवें, म्हणजे खांद्यापासून निघालेला जोर कोठेंहि न वळतां टोंकाशीं पोहोंचतो. त्यासाठीं पातें सरळ, अरुंद आणि न लवणारें असावें लागतें. कापावयाचें असेल तर याच्या उलट. पातें रुंद, धारेकडे पातळ, आणि शक्य तर बांकदार हवें. बांकाचा उपयोग काय, हें समजण्यासाठीं रणांगणापर्यंत जावयास नको. घरांतील विळीकडे पाहिलें तरी पुरें. भोपळ्याची फोड विळीच्या पात्यावर नुसती दाबली तर ती अडखळते; पण दाबतां दाबतां पुढें सरकविली कीं अलगद चिरली जाते. सरकण्यामुळें धार वस्तूला आडवी न लागतां तिरपी लागते. डोंगर समोरासमोर चढण्याऐवजीं तिरप्या वाटेनें चढला म्हणजे चढ जसा कमी वाटतो, तशीच तिरप्या छेदांत धारेची पाचर अधिक निमुळती होते. विळीवर जें काम हाताच्या सरकण्यानें होतें, तें बांकदार तलवारींत पात्याचा आकारच करून देतो. घोडेस्वारानें भरधांव जातां जातां वार केला तर असें पातें रुतून न बसतां घसरून मोकळें होतें. परंतु बांकाची किंमतहि मोजावी लागते. पातें जितकें अधिक वांकेल तितकें त्याचें टोंक हाताच्या रेषेपासून दूर जातें, आणि भोसकण्याच्या कामीं तें निरुपयोगी ठरत जातें. दोन्ही गुण पुरेपूर असलेलें पातें करतां येत नाहीं. कांहीं तरी सोडावेंच लागतें, आणि काय सोडावें हाच सगळा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें एक अत्यंत स्पष्ट उत्तर प्राचीन रोमन लोकांनीं दिलें. त्यांच्या पायदळाची तलवार आंखूड, सरळ, दुधारी आणि टोंकदार होती. तिचें पातें साधारणपणें दोन फुटांचें असे. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें इ. स. पूर्वीं २२३ मधील गॉल लोकांशीं झालेल्या लढाईचें वर्णन करतांना लिहिलें आहे कीं, गॉल लोकांच्या लांब तलवारी केवळ वार करण्याच्या उपयोगाच्या होत्या. पहिल्याच आघातासरशीं त्या वांकत, आणि जमिनीवर टेंकून पायानें सरळ केल्यावांचून दुसरा वार करतां येत नसे. उत्खननांत सांपडलेल्या त्या काळच्या तलवारी सगळ्याच इतक्या मऊ नाहींत. म्हणून या वर्णनांत जेत्याच्या बाजूची थोडी अतिशयोक्ति असावी. तथापि रोमन लोकांचा कल कोणीकडे होता हें त्यावरून कळतें. पुढें व्हेजिशियस या लेखकानें तें तत्त्वच मांडलें. वार कितीहि जोराचा असला तरी शरीराचें रक्षण हाडें आणि चिलखत करतात. उलट टोंक दोन बोटें आंत शिरलें तरी तें प्राणघातक होतें. शिवाय वार करण्यासाठीं हात उचलला कीं स्वतःची उजवी कूस उघडी पडते, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो बिनतोड वाटतो. पण तो ढालीला ढाल लावून पायीं लढणाऱ्या सैनिकाला लागू आहे, हें विसरतां कामा नये. घोड्यावर बसलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो.

तो हिशेब मध्य आशियांतील घोडेस्वारांनीं मांडला. तुर्की टोळ्यांबरोबर बांकदार एकधारी पातें पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे पसरलें. इराणांत सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याचा बांक इतका वाढला कीं तेथील शमशेर ही जवळजवळ केवळ कापण्याचेंच शस्त्र झाली. हिंदुस्थानांतील जुना खांडा सरळ, रुंद आणि दुधारी होता. त्याच्या शेजारीं मध्यम बांकाची तलवार येऊन बसली, आणि मोगलांच्या काळांत तीच देशभर रूढ झाली. तिच्या मुठीच्या शेवटीं एक वाटोळी चकती असते. मूठ आंखूड, चपटी आणि हातांत घट्ट बसणारी असल्यामुळें मनगट फार मोडतां येत नाहीं. वार खांद्यापासून ओढून घ्यावा लागतो. परकीय पाहुण्यांनीं या मुठीला अनेकदां नांवें ठेविलीं आहेत. पण ओढून कापणें हेंच ज्या पात्याचें काम, त्याला तीच मूठ योग्य होती.

पोलादाच्या बाबतींत तर हा देश कोणाचा मिंधा नव्हता. दक्षिणेंत मुशींत वितळवून केलेलें पोलाद जगप्रसिद्ध होतें. कानडी-तेलुगु भाषांतील ‘उक्कु’ या शब्दापासून युरोपियनांनीं त्याला ‘वुट्झ’ असें नांव दिलें असें मानतात. आजच्या तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांत कोनसमुद्रम् म्हणून गांव आहे. तेथें पोलादाच्या खरेदीसाठीं इराणी व्यापारी येत असत. या पोलादांत कर्बाचें प्रमाण साधारणतः शेंकडा दीड, म्हणजे पुष्कळच अधिक, असल्यामुळें धार अतिशय कठीण व टिकाऊ होई, आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी जाळी दिसे तिला जौहर म्हणत. त्याचें रहस्य शोधण्यासाठीं इंग्लंडांत मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानें १८१९ पासून प्रयोग केले. परंतु या पोलादाचा एक दोष होता: फार कठीण वस्तु ठिसूळहि असते. लांब, अरुंद आणि लवचीक पातें त्यापासून करणें अवघड होतें.

आणि येथेंच दक्षिणेच्या इतिहासांतील एक मोठी मौजेची गोष्ट घडली. ज्या देशाचें पोलाद परदेशीं जात होतें, त्याच देशांत परदेशीं घडलेलीं पातीं येऊं लागलीं. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपियन पातीं मोठ्या प्रमाणावर उतरलीं. जर्मनींतील झोलिंगेन, स्पेनांतील टोलेडो आणि उत्तर इटलींतील शहरें हीं या मालाचीं प्रमुख ठिकाणें. पातीं तेवढीं बाहेरचीं; मूठ येथील लोहारानें आपल्या पद्धतीची बसवावयाची. फिरंग्यांकडून आलेलें म्हणून त्या तलवारीचें नांवच ‘फिरंग’ पडलें, आणि पुढें येथें घडलेल्या तशाच धर्तीच्या तलवारीलाहि तें चिकटलें.

मराठ्यांनीं हें सरळ, लांब पातें विशेष आवडीनें उचललें. फिरंग आणि धोप हीं नांवें मराठी कागदपत्रांतून व बखरींतून परिचित आहेत. या निवडीचें कारण पात्याच्या गुणांतच सांपडतें. युरोपियन पातें स्प्रिंगसारखें लवून पुन्हां सरळ होई. तें लांब असूनहि वजनानें बेताचें असे. आणि सरळ असल्यामुळें घोड्यावरून शत्रूला दुरूनच टोंकाखालीं घेतां येई. मात्र येथील कारागिरानें तें डोळे झांकून स्वीकारलें नाहीं. त्यानें मुठीला पंजा झांकणारी परज दिली, आंतून गादी लाविली, आणि मुठीच्या टोंकाला असा एक दांडा जोडला कीं प्रसंगीं दुसऱ्या हातानेंहि पकड घेतां यावी. म्हणजे परक्या पात्याला भोसकण्याबरोबर दोन हातांनीं वार करण्याचीहि सोय झाली. पट्टा हें तर याहून धाडसाचें उदाहरण. त्यांत लोखंडी कोपरापर्यंतचा हातमोजाच मुठीच्या जागीं असतो, आणि लांब सरळ पातें हाताचा पुढचा भाग असावा तसें त्यांतून निघतें. मनगट जखडल्यामुळें सारें शरीर फिरवावें लागतें. म्हणून पट्टा शिकावयास वर्षें लागत, आणि आजहि मर्दानी खेळांत दांडपट्ट्याचे हात पाहतांना फिरतो तो पट्टेकरी, केवळ पट्टा नव्हे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स यांना जी तलवार भेट मिळाली, आणि जी इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांत आहे, तिचेंहि पातें सरळ व युरोपियन घडणीचें आहे. ती शिवछत्रपतींची असल्याची परंपरा आहे.

लांब पात्यांच्या बाबतींत जी निवड, तीच आंखूड पात्यांच्या बाबतींत अधिक तीव्रतेनें करावी लागते; कारण तेथें दुसरा वार करण्यास सवड नसते. कट्यारीची मूठ दोन समांतर दांड्यांमध्यें आडवी असते, त्यामुळें मुठीचा ठोसा तोच टोंकाचा घाव होतो. आणि तिचें टोंक मुद्दाम जाड ठेवतात, तें चिलखताच्या कड्या फांकविण्यासाठीं. पेशकब्जाची पाठ भरीव आणि टोंक सुईसारखें असतें, तेंहि त्याचसाठीं. बिचव्याचें पातें मात्र दोनदां वळलेलें. म्हशीच्या शिंगापासून केलेल्या जुन्या खंजिराचा आकार त्यांत उतरला आहे. तो लहान, हलका आणि लपविण्यास सोपा. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेल्या भेटींत हे दोन विचार समोरासमोर आले. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें लिहिलेल्या सभासद बखरीप्रमाणें अफजलखानानें महाराजांच्या कुशींत जमदाड, म्हणजे कट्यारीच्या जातीचें शस्त्र, चालविलें. तें अंगांतील कुडत्यावर घासून गेलें. उलट वाघनख आणि बिचवा यांनीं आपलें काम केलें. यावरून बिचवा कट्यारीहून श्रेष्ठ असें म्हणणें मात्र चुकीचें होईल. एका बाजूस अंगांत संरक्षण होतें आणि दुसऱ्या बाजूस त्याची गरज कोणाला वाटली नव्हती. पातें निवडण्यापूर्वीं प्रसंगाचा विचार ज्यानें केला, त्याचें पातें कामास आलें.

हाच वाद पुढें युरोपांत सरकारी कचेऱ्यांत जाऊन बसला, आणि तेव्हां त्याचें स्वरूप पालटलें. इंग्रजी फौजेंत जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या अधिकाऱ्यानें, फ्लँडर्सच्या मोहिमेंत ऑस्ट्रियन रिसाल्याची तलवारबाजी पाहून, १७९६ मध्यें हलक्या रिसाल्यासाठीं एक बांकदार, टोंकाकडे रुंद होत जाणारी तलवार मंजूर करून घेतली. जड रिसाल्याला त्याच वर्षीं ३५ इंचांचें सरळ पातें मिळालें; पण त्याचें टोंक कुऱ्हाडीसारखें बोथट होतें, म्हणजे सरळपणाचा जो फायदा तोच त्यांत नव्हता. १८१५ मध्यें वॉटर्लूच्या लढाईपूर्वीं तीं टोंकें घांसून अणकुचीदार करून घ्यावीं लागलीं. स्वतः ल मार्शां २२ जुलै १८१२ रोजीं सालामांकाच्या लढाईंत मारला गेला. त्या वेळीं तो जड रिसाल्याचें नेतृत्व करीत होता, आणि त्याचा अंत झाला तो कोणत्याहि पात्यानें नव्हे, तर बंदुकीच्या गोळीनें. त्याची बांकदार तलवार मात्र हिंदुस्थानांत फार प्रिय झाली. इंग्लंडांत ती रद्द झाल्यावरहि येथील स्वारांसाठीं त्याच धर्तीचीं पातीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिलीं.

इंग्लंडांत १८२१ आणि १८५३ च्या नमुन्यांत मध्यम मार्ग काढण्यांत आला: थोडा बांक, थोडें टोंक, म्हणजे कापतांहि यावें आणि भोसकतांहि यावें. अशा तडजोडीचें जें व्हावयाचें तेंच झालें. दोन्ही पक्ष असंतुष्ट राहिले. वाद बांकाच्या अंशांवर आणि इंचांवर चालूं राहिला. त्याच सुमारास लुई एडवर्ड नोलन या रिसाल्याच्या कॅप्टनानें १८५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत एक हकीकत दिली, आणि तिनें या सगळ्या वादाला निराळेंच वळण द्यावयास हवें होतें. नोलन हिंदुस्थानांत नोकरीस असतांना निजामाच्या अनियमित रिसाल्याची बंडखोर रोहिल्यांशीं चकमक झाली. स्वार संख्येनें फार थोडे असूनहि विजयी झाले. डॉक्टरच्या अहवालांत जखमांचें जें वर्णन होतें, तें वाचून नोलन थक्क झाला. खांद्यापासून तुटलेले हात आणि एका घावासरशीं धडावेगळीं झालेलीं मस्तकें यांची ती यादी होती. असलें काम करणारें पातें कोणतें, हें पाहण्यास तो गेला. तेथें त्याला दिसलें कीं, बहुतेक तलवारी म्हणजे इंग्रजी रिसाल्यानें टाकून दिलेलीं जुनीं पातीं होतीं!

मग फरक कोठें पडला? निजामाच्या स्वारानें त्या टाकाऊ पात्याची मूठ बदलली होती. इंग्रजी मूठ वाटोळी, ती हातांत फिरे आणि धार नेमकी लागत नसे. देशी मूठ चपटी, त्यामुळें धार आपोआप सरळ पडे. त्यानें पात्याला मुठीपासून टोंकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार दिली होती. आणि मुख्य म्हणजे म्यान लांकडाचें होतें, आणि लढाईखेरीज तलवार त्यांतून बाहेर निघत नसे. इंग्रजी सैनिकाचें म्यान लोखंडाचें. कवायतीसाठीं तलवार दिवसांतून अनेकदां उपसावयाची आणि घालावयाची. दर वेळीं धार लोखंडावर घांसे. म्यान चकचकीत दिसे आणि पातें बोथट होई. वार कसा करावयास शिकवितां, असें नोलननें एका वृद्ध स्वाराला विचारलें, तेव्हां त्याच्या उत्तराचा आशय असा होता कीं, शिकवावें लागत नाहीं. धार असली म्हणजे ती कोणाच्याहि हातीं कापते.

या हकीकतींत महाराष्ट्राला ओळखीची अशी एक गोष्ट आहे. निजामाच्या या रिसाल्याच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई अशा मराठवाड्यांतील गांवींहि होत्या, आणि त्यांची रचना शिलेदारी पद्धतीची होती. घोडा व हत्यार सरकारचें तो बारगीर, आणि स्वतःचें तो शिलेदार, हा भेद मराठी फौजेंत शिवकाळापासून रूढ होता. शिलेदाराला आपलें पातें स्वतःच्या पैशानें घ्यावें लागे, स्वतःच धार लावावी लागे, आणि त्याच्यावर स्वतःचाच जीव टांगलेला असे. म्हणून तो म्यानाची चकाकी पाहत नसे. सरकारी सैनिकाचें पातें समिति निवडी, ठेकेदार पुरवी आणि तपासनीस म्यानाची झळाळी पाहून पसंती देई. १८८५ मध्यें सुदानांतील अबू क्लीच्या लढाईंत ब्रिटिश सैनिकांचीं संगिनी पातीं वांकलीं, तेव्हां इंग्लंडांत मोठी ओरड झाली आणि चौकशा झाल्या. व्हेजिशियस आणि ल मार्शां यांच्या वादांत या रोगावर औषध नव्हतें. दोष आकाराचा नसून निष्काळजीपणाचा होता.

अखेर इंग्रजी युद्धखात्यानें एक पक्ष घेतला. १९०८ च्या नमुन्याची तलवार पूर्णपणें भोसकण्यासाठीं बनविली: ३५ इंचांचें सरळ, अरुंद, कणखर पातें, आणि हात पुढें केला कीं टोंक आपोआप शत्रूकडे रोखलें जाईल अशी मूठ. हिंदी रिसाल्यासाठीं त्याच तलवारीची जरा लहान मुठीची आवृत्ति निघाली. रचनेच्या दृष्टीनें पाहिलें तर घोडेस्वाराच्या हातीं यापेक्षां उत्तम सरळ पातें क्वचितच आलें असेल. दोन हजार वर्षांच्या वादाचा निकाल लागला, पण तो लागला तेव्हां वादाचा विषयच संपत आला होता. सहा वर्षांनीं, १९१४ मध्यें, पहिलें महायुद्ध सुरू झालें, आणि यंत्रबंदुकीपुढें व कांटेरी तारांपुढें पश्चिम आघाडीवरील रिसाला थांबून राहिला. २३ सप्टेंबर १९१८ रोजीं पॅलेस्टाइनांत हैफा शहर जोधपूर व म्हैसूर येथील घोडदळांनीं भाले आणि तलवारी घेऊन जिंकलें. अशा पराक्रमाच्या शेवटच्या काहीं प्रसंगांपैकीं तो एक होय.

तलवार गेली तरी पात्याचा प्रश्न घराघरांतून राहिला आहे. नारळ सोलणाऱ्याच्या कोयत्याचें वजन पुढें असतें, कारण तेथें तोडावयाचें असतें. विळ्याला बांक असतो, कारण तेथें ओढून कापावयाचें असतें. आरी मात्र सरळ आणि टोंकदार, कारण चांभाराला चामडें भोसकावयाचें असतें. हीं हत्यारें कोणत्याहि समितीनें ठरविलेलीं नाहींत. तीं पिढ्यान् पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातांनीं घासून घासून ठरलीं आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल कोणी वाद घालीत नाहीं. वापरणारा एक आणि निवडणारा दुसरा असें जेथें झालें, तेथेंच वादाची पुस्तकें लिहिलीं गेलीं आणि तेथेंच पातीं बोथट राहिलीं. निजामाच्या त्या स्वाराला बांक किती अंशांचा असावा हें सांगतां आलें नसतें. पण रात्रीं निजण्यापूर्वीं धारेवरून अंगठा फिरवून पाहण्यास तो विसरत नसावा.